वेल्हाळांचा हात

“परत गेली का जी, काका?” अक्षरानं दारातूनच विचारलं.

कृष्णकांत वेल्हाळांनी बर्नरमागून नुसतं वर बघितलं. उत्तर समोर टेबलावरच पडलं होतं. हातभर लांबीची काचेची नळी, मधोमध तडकलेली, अजून गरम. सकाळपासूनची ही तिसरी. त्यांनी बर्नरची आच कमी केली, गुलाबी काचांचा चष्मा कपाळावर ढकलला आणि चिमट्यानं तुकडे उचलून पत्र्याच्या डब्यात टाकले.

“काचच भिकार आलीय गं,” ते म्हणाले. “पयल्यासारखा माल येत न्हाई आताशा. आन् तुझं हे ड्रॉइंग! आतली नळी एवढी बारीक कुणी काढतं व्हय?”

“मागच्या वेळी पण हीच होती ना जी.”

“मागच्या येळची गोष्ट येगळी.”

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण हे वेल्हाळांना तोंडावर कोण सांगणार? चंदीगडच्या एका संशोधन संस्थेत हा माणूस एकतीस वर्षं काच फुंकत होता. बाजारात मिळत नाहीत अशी प्रयोगाची उपकरणं, काचेच्या पोटात काच आणि तिच्या पोटात नागमोडी नळी, हे असलं काम त्यांनीच करावं. पंचकुल्यापासून मोहालीपर्यंतच्या प्रयोगशाळांतून लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे. वडील कराडजवळ कंदिलाच्या काचा करणाऱ्या कारखान्यात फुंकणी धरायचे. तो कारखाना बसला आणि पोरगा ही विद्या घेऊन इतक्या लांब आला. इथले पंजाबी लोक त्यांना उस्तादजी म्हणत. एप्रिलअखेर उस्तादजी निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं.

या कामाचं सगळं मर्म हातात. दोन हातांत दोन नळ्या, मध्ये जाळ, आणि दोन्ही हात एकाच चालीनं फिरत राहिले पाहिजेत. एक हात केसभर पुढं गेला की सांधा एकीकडं जाड, एकीकडं पातळ. वेल्हाळांचे हात झोपेतसुद्धा एका चालीनं फिरतात, अशी त्यांची बायको शोभना थट्टा करायची. तेच हात दसऱ्यापासून थरथरत होते.

“काका, पाच फेब्रुवारीला कमिटी आहे,” अक्षरा हळूच म्हणाली. पोरगी अमरावतीची, पीएच.डी.चं पाचवं वर्ष. “त्याच्या आधी एखादा प्रयोग दाखवता आला असता तर... बरं, राहू द्या. घाई नका करू.”

तिनं ‘घाई नका करू’ म्हटलं आणि वेल्हाळांच्या अंगातून पुन्हा एक घामाची लाट गेली. बाहेर जानेवारीतलं धुकं इतकं दाट होतं, की समोरची इमारत दिसत नव्हती. हा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात भिजला होता. पण जाळासमोर बसणाऱ्याला घाम येणारच, त्यात काय नवल? एकतीस वर्षं येतच होता. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा खिडकीकडं गेले. कुठं टेकवत नव्हतं.

आता ‘मागची वेळ’ काय होती, ते सांगून टाकतो. नोव्हेंबरात त्यांनी अक्षराला असंच एक पात्र करून दिलं होतं. काचकामात एक रीत असते. केलेला नग ताण बघायच्या दिव्यासमोर धरायचा. सांध्यात कुठं ताण राहिला असेल, तर तिथं रंगांचे पट्टे दिसतात. पट्टे दिसले की तो नग द्यायचा नाही. वेल्हाळांनी तो धरला. मानेपाशी पट्टे होते, निळे, पिवळे, धडधडीत. थरथरत्या हातानं सांधा जाडपातळ झाला होता, हे त्यांना दिव्याच्याही आधी कळलं होतं. नग फोडून टाकायला हवा होता. पण त्या आठवड्यात आधीच दोन फुटले होते, आणि स्टोअरकीपर लखविंदर नवीन नळ्या देताना जवळ येऊन नाक फेंदारून वास घेत होता. उस्तादजी दुपारचे घेतात, अशी कुजबुज होती. तिसरा नग फुटला असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दिला त्यांनी.

डिसेंबरात अक्षरानं त्यात आठ महिने खपून तयार केलेला पदार्थ भरला, रीतसर हळूहळू गार केला, आणि मानेपाशीच काच गेली. सगळं जमिनीवर. तिचे मार्गदर्शक ग्रेवाल सर तणतणत कार्यशाळेत आले, तेव्हा वेल्हाळ म्हणाले, “लड़की ने एकदम ठंडा किया होगा, सर.” एवढंच एक वाक्य. उस्तादजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सरांनी पोरीला सगळ्यांसमोर झापलं आणि तिच्या फाइलीत ‘निष्काळजीपणा’ असं लिहून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आता मुदतवाढ द्यायची, की पोरीला तशीच घरी पाठवायची, हे कमिटी पाच तारखेला ती फाइल वाचून ठरवणार होती.

आणि ही पोरगी रोज येऊन विचारायची, “काका, चहा आणू का जी?”

---

“आवं, माणसात हाय का न्हाई तुमी?” शोभनाबाई ओरडल्या. “मी शाल, कानटोपी, पायात मोजं घालून बसलीय, आन् तुमी पंखा लावताय! पाचवर!”

दुपारचं जेवण चाललं होतं. वेल्हाळांची आठवी पोळी होती. पूर्वी चारात व्हायचं. खाणं दुप्पट आणि पँट कमरेवर टिकेना, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं.

“जाळापाशी बसून बग एक दिवस,” ते म्हणाले. “मग कळंल.”

“एकतीस वर्सं बसताय. आत्ताच कुठं धग लागाय लागली?”

“वय झालं.”

“वय झाल्यावर मानसं गारठत्यात. तुमचं उलटंच.” त्यांनी ताटात भाजी वाढली आणि आवाज खाली आणला. “समोरची मनजीत इचारत होती, भाईसाब लेने लगे हैं क्या म्हणून.”

ताट भिंतीवर गेलं. आमटीचा ओघळ कॅलेंडरवरून खाली आला. वेल्हाळ स्वतःच दचकले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्यांनी कधी पेलासुद्धा आपटला नव्हता. शोभनाबाई रडू आवरत म्हणाल्या, “मला ठावं हाय पीत न्हाई ते. परवा दुपारी तुमी पडला होता, तवा मी तुमचं तोंड हुंगून बगितलं.”

बायकोनं तोंड हुंगावं! वेल्हाळांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते फडकं घेऊन भिंत पुसायला लागले. फडकंही हातात धड राहत नव्हतं.

त्यांना गोळ्या म्हणाल तर एकच चालू होती. अडीच वर्षांपूर्वी छातीत ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तेव्हा एका हृदयतज्ज्ञानं लिहून दिली होती. गोळी गुणाची. आठ-पंधरा दिवसांत ठोके लायनीवर आले, ते आजतागायत. दोनदा फेरतपासणीला गेले, मग म्हणाले, चांगलं चाललंय तर कशाला रजा घालवायची? जुनी चिठ्ठी दाखवली की औषधवाला पट्टी काढून द्यायचा. देवपूजेनंतर एक, नेमानं. त्या गोळीवर संशय घेणं म्हणजे देवावर घेण्यासारखं होतं.

त्या आठवड्यात धुक्यापायी ट्रक अडकले आणि ऑक्सिजनचे सिलिंडर आलेच नाहीत. कार्यशाळा बंद. एक दिवस, दोन दिवस, करता करता नऊ दिवस वेल्हाळ घरी. जाळ नाही, बर्नर नाही. संक्रांतीच्या आदल्या रात्री पेटणाऱ्या लोहडीच्या शेकोटीपासूनही ते चार हात लांब उभे राहिले. तरी घाम निथळतोय, हात थरथरतोय, खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खोलीत येरझाऱ्या चालूच. नवव्या दिवशी शोभनाबाईंनी पंख्याचं बटन बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभ्या राहिल्या.

“आता दावा,” त्या म्हणाल्या. “कुठाय तुमचा जाळ?”

वेल्हाळांनी चपला पायात सरकवल्या. बाईंनी गोळ्यांची पट्टी आणि जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी काखेत मारली होती. रिक्षा दारात होती.

---

सेक्टर ३२ च्या सरकारी दवाखान्यात अडीच तास रांगेत गेले. त्यात वेल्हाळ सात वेळा उठले आणि सात वेळा बसले. आत गेले तर पुढ्यात तिशीची डॉक्टर. शोभनाबाई नवऱ्याला मराठीत रागावताहेत हे ऐकून ती हसली.

“कुठले तुम्ही? मी मधुवंती. इचलकरंजीची.”

“कराडचं आमी,” शोभनाबाई म्हणाल्या, आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं त्यांनी घाम, पोळ्या, पंखा, ताट, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तोंड हुंगल्याचंही सांगितलं. वेल्हाळांनी मान खाली घातली.

डॉक्टरनं त्यांना दोन्ही हात पुढं करायला सांगितले, बोटं पसरायला लावली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. तिघंही त्याकडं बघत राहिले.

“थरथर केव्हापासून?”

“दसऱ्यापासून,” वेल्हाळ म्हणाले. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

मग तिनं गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचली, जुनी चिठ्ठी उलगडली आणि तिच्या तळाशी बोट ठेवलं. “हे कुणी वाचलंच नाही का? दर सहा महिन्यांनी थायरॉइडची तपासणी, असं लिहिलंय इथं.”

“हार्टची गोळी हाय न्हवं ती? गळ्याची तपासणी कशाला?”

“काका, या गोळीत आयोडीन ठासून भरलेलं असतं. हृदयाला ती चांगलीच आहे, तुमचे ठोके तिनंच सांभाळले. पण काही जणांची गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी तिच्यामुळं बिघडते. कुणाची मंदावते, कुणाची उधळते. तुमची उधळली असणार, म्हणूनच हा घाम, भूक, थरथर आणि संताप. रक्त तपासू, मग पक्कं सांगते.”

रक्तानं तेच सांगितलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं हृदयवाल्यांना फोन लावला, ती गोळी कशी आणि कधी बदलायची ते ठरवलं, नव्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, “आपल्या मनानं काहीही सोडायचं नाही, काहीही चालू ठेवायचं नाही. कळलं?”

“म्हंजे मी पीत न्हाई,” वेल्हाळ म्हणाले. डॉक्टरला काही कळलं नाही. शोभनाबाईंना कळलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

“आन् हात?” वेल्हाळांनी विचारलं. “हात कदी थांबंल?”

“वेळ लागेल. गोळी बंद झाली तरी शरीरातून जायला महिने लागतात. तीन, चार, कदाचित सहा. तोवर थरथर थोडी कमी होईल. चहाचा कप धराल. काचेचं मी सांगू शकत नाही.”

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. त्यांनी बोटांवर मोजायची गरजच नव्हती. नोकरीचे महिने तिथंच संपत होते.

---

परत येताना मात्र त्यांना आनंद झाला होता, खोटं कशाला बोला! उद्या जायचं आणि हा रिपोर्ट लखविंदरच्या नाकाखाली धरायचा. घे, किती वास घ्यायचा तेवढा घे. मनजीतला, ग्रेवाल सरांना, सगळ्यांना दाखवायचा. रिक्षात त्यांनी कागद पुन्हा उघडला आणि डॉक्टरच्या अक्षरातली एक ओळ वाचली. हातांना कंप, दसऱ्यापासून.

दसरा ऑक्टोबरात. पात्र नोव्हेंबरात.

कागद कुणालाही दाखवला, की दोन आणि दोन चार व्हायला किती वेळ लागणार? आणि समजा, कुणाच्या लक्षात नाही आलं. त्यांच्या तर आलं होतं. आलं कसलं, पहिल्या दिवसापासून होतंच. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात सारली. गोळीनं झालं म्हणावं, तर गोळीनं हात हलवला होता. ते वाक्य कुणी बोललं होतं?

रात्री नाही की पहाटे नाही, भर दुपारी, गवार निवडत बसलेल्या शोभनाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. दिव्यातले पट्टे, फुटलेलं पात्र, सरांना काय म्हणाले ते.

“आजारच होता की वो,” बाई म्हणाल्या. “तुमचा काय दोस?”

“हात आजारी होता. जीभ न्हवती.”

बाईंनी गवारीचं ताट बाजूला सारलं. “दिवाळीत जेवाय बोलावली होती तिला. माझ्या हातच्या अनारशाला काय नावाजलं तिनं! आन् तुमी...” त्यांनी पदरानं हात पुसले. “मला काय सांगताय? जिचं केलं तिला सांगा.”

तिला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, कार्यशाळेत, दार लावून. बर्नर पेटवलाच नव्हता. अक्षरा उभ्यानंच ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल होत गेला.

“तुम्ही पट्टे पाहिले होते?”

“पाहिले हुते.”

“मला वाटलं, मीच चुकले.” तिचा आवाज फाटला. “किती मिनिटांत किती अंश गार केलं, ते मी रोज वहीत काढून बघायची, काका. महिनाभर! घरी आईला सांगितलं, माझ्या हातून गेलं म्हणून. आणि इथं तुम्हाला चहा आणून देत होती मी!”

“चुकलं पोरी माझं.”

“हो, चुकलंच,” ती म्हणाली. दार उघडून निघून गेली. तुमच्या मनात दयाबिया आली असेल, तर तिच्या मनात आली नाही, आणि येऊही नये. आठ महिने तिचे गेले होते.

चार फेब्रुवारीला वेल्हाळ ग्रेवाल सरांच्या खोलीत गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, रिपोर्ट वाचला, पगडीवरून हात फिरवला आणि नजर टेबलाकडं वळवली. त्यांनीही त्या पोरीला दहा माणसांत झापलं होतं.

“उस्तादजी, बीमारी थी,” शेवटी ते म्हणाले. “कल मैं कमेटी में ज़बानी बोल दूँगा. लड़की का काम हो जाएगा. तीन महीने रह गए आपके, क्यों अपना नाम खराब करते हो?”

केवढा मोह होता तो! काम होणार, पोरगी सुटणार, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहणार. वेल्हाळांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला, परत खाली ठेवला. उठावंसं वाटत होतं. उठले नाहीत.

“ज़बानी नहीं, सर. उसके खिलाफ लिखके रखा है. तो मेरा भी लिखके होगा.”

“लिख दोगे, तो मैं आपको आज से बर्नर पर नहीं बैठा सकता. आग का काम है. समझते हो ना?”

“समझता हूँ.”

म्हणजे शेवटची काच फुंकून झाली होती. त्या दिवशी तडकलेली तिसरी नळी, तीच शेवटची. एकतीस वर्षांचा शेवट असा व्हावा, याचं त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

“ठीक है,” सर म्हणाले. “बोलो, मैं टाइप करवा देता हूँ. आप नीचे साइन कर दो.”

“मैं लिखूँगा, सर.”

सरांनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. वेल्हाळांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या मुठीत आवळलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिलंच अक्षर रेघेवरून घसरलं. काना एकीकडं, वेलांटी भलतीकडं. पहिलीतल्या मुलानंसुद्धा बरं लिहिलं असतं. त्यांनी खाडाखोड केली नाही, नवा कागद मागितला नाही. पात्र मैंने बनाया था. सांधा खराब है, ये मुझे मालूम था. लड़की की कोई गलती नहीं. चार ओळींना वीस मिनिटं लागली. बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवलं, सरांनी “बाद में” म्हणून परत पाठवलं.

तिसऱ्या ओळीपाशी हात इतका उडायला लागला, की कागदच टेबलावर सरकू लागला. ग्रेवाल सर खुर्चीतून उठले, वळसा घालून या बाजूला आले आणि त्यांनी दोन बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला. वेल्हाळांनी सही करून पेन खाली ठेवेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते.